साखर संपली की यीस्ट काय करतं? जनुकांच्या जाळ्याच्या मॉडेलिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लातूरला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. प्रोजेक्टचे विषय वाटले की ‘यीस्टचं नेटवर्क मॉडेलिंग’ हा विषय दोन-तीन जण हमखास उचलतात. त्यात वास नाही, काचसामान धुवायचं नाही आणि सगळं लॅपटॉपवर होतं, असा त्यांचा समज असतो. पंधरा दिवसांनी तेच तोंड पाडून स्टाफरूमच्या दारात उभे असतात. त्यांचे प्रश्न, एका डिस्टिलरीतल्या केमिस्टचे प्रश्न आणि आमच्या आत्याचा एक प्रश्न इथे एकत्र केला आहे. जसे आठवले तसे लिहिलेत, क्रमाचा आग्रह धरू नका.

मॅडम, ‘मेटाबॉलिक शिफ्ट’ म्हणजे नेमकं काय शिफ्ट होतं?

बेकरीत पाव फुगवणारं आणि डिस्टिलरीत मळी आंबवणारं यीस्ट एकच, सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी. त्याला २ टक्के ग्लुकोज असलेल्या माध्यमात, ३० अंशांवर, हलवत ठेवा. साधारण दीड तासात ते दुप्पट होतं. हवा भरपूर असली तरी बहुतेक साखर ते अल्कोहोलमध्ये बदलून बाहेर टाकतं. याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. क्रॅबट्री यांनी १९२९ साली तो गाठींच्या पेशींमध्ये पाहिला होता, यीस्टला ते नाव नंतर चिकटलं.

मग ग्लुकोज संपतं. ओडीचा (माध्यमाच्या गढूळपणाचा, म्हणजे पेशी किती झाल्या त्याचा) आलेख आडवा होतो. काही वेळाने तो पुन्हा चढायला लागतो, पण संथ. आता पेशी मघाशी स्वतःच बाहेर टाकलेलं अल्कोहोल ऑक्सिजन वापरून खात असतात. आलेखात दोन पायऱ्या आणि मधे एक ओटा दिसतो. जिवाणूंना दोन साखरा दिल्यावर असाच ओटा येतो हे जाक मोनो यांनी १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं, आणि ‘डायऑक्सी’ हा शब्द त्यांचाच.

आमचा सगळा विषय त्या ओट्यावर घडतो. १९९७ साली डीरिसी, अय्यर आणि ब्राऊन यांनी दर दोन तासांनी असे ७ नमुने काढून यीस्टची जवळजवळ सगळी जनुकं एकाच वेळी, कोणतं किती चालू आहे ते दाखवणाऱ्या काचपट्टीवर, म्हणजे मायक्रोअ‍ॅरेवर मोजली. सुमारे ७१० जनुकांचा आवाज दुपटीहून वाढला होता आणि सुमारे १,०३० जनुकांचा निम्म्याहून खाली गेला होता. एकूण जनुकं ६,००० च्या आसपास. म्हणजे चौथाईहून जास्त घर एका साखरेपायी उलटंपालटं होतं.

“हे म्हणजे येळवशीच्या (वेळा अमावस्येच्या) आंबिलातलंच ना गं?”

हा आत्याचा प्रश्न. कडब्याच्या खोपीपुढे बसून, आंबिलाचं मडकं पुढ्यात घेऊन विचारलेला. उत्तर अर्धं हो, अर्धं नाही. ताक आणि ज्वारीचं पीठ आंबतं ते मुख्यतः लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंमुळे. यीस्ट असलंच तर पाहुणा. पण आत्या जे जाणते, की आंबील सकाळी एक चव देतं आणि संध्याकाळी दुसरी, ते याच गोष्टीचं जिभेने घेतलेलं माप आहे. काय खायला उरलंय त्यावर सूक्ष्मजीव आपला कारभार बदलतात.

ग्लुकोजच्या एका रेणूतून आंबवून फक्त २ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) मिळतात. श्वसनाने कितीतरी जास्त. मग यीस्ट असा तोट्याचा धंदा का करतं?

पाठ्यपुस्तकातला ३६-३८ चा आकडा यीस्टला लावू नका. या यीस्टच्या मायटोकाँड्रियात प्रोटॉन ढकलणारं कॉम्प्लेक्स-१ नाही, म्हणून त्याला श्वसनातून साधारण १६ ते १८ एटीपीच मिळतात. तरीही २ पेक्षा ते आठ-नऊपट झाले, म्हणून प्रश्न उरतोच.

माझ्या मते पटणारं उत्तर वेगाचं आणि खर्चाचं आहे. श्वसनाची यंत्रणा उभी करायला प्रथिनं जास्त लागतात. भरपूर साखर असताना तेवढीच प्रथिनं नवीन पेशी बांधायला लावली तर वाढ वेगाने होते. शिवाय अल्कोहोलमुळे शेजारचे बरेच जीव मागे हटतात आणि ते अल्कोहोल नंतर खाताही येतं. म्हणजे पाहुण्यांच्या ताटातलं आधी आपल्या कोठारात हलवायचं आणि मग निवांत जेवायचं. यासाठी यीस्टकडे दोन वेगळी जनुकं आहेत: एडीएच१ अल्कोहोल बनवतं, एडीएच२ ते पुन्हा पचवायला घेतं. ग्लुकोज आहे तोवर एडीएच२ कडीकुलपात असतं.

त्या कुलपाची किल्ली कोणाकडे असते?

इथे जाळं सुरू होतं, म्हणजे कोण कुठल्या जनुकाला चालू-बंद करतं याची गुंतागुंत. सगळं सांगत बसले तर वही भरेल, म्हणून एकच धागा जवळून पाहू. तो आपल्याकडच्या उसाशीच बांधलेला आहे.

उसाची साखर म्हणजे सुक्रोज. यीस्टला ती खायची तर पेशीबाहेर इन्व्हर्टेज हे एन्झाइम पाठवून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करावे लागतात. इन्व्हर्टेजचं जनुक एसयूसी२. आम्ही त्याला सक२ म्हणतो. १९८०च्या सुमारास मेरियन कार्लसन आणि डेव्हिड बॉटस्टीन यांच्या गटाने सुक्रोजवर वाढू न शकणारे यीस्टचे उत्परिवर्ती शोधले. त्यातल्या एकाचं नाव पडलं स्नफ१, म्हणजे ‘सुक्रोज नॉन-फर्मेंटिंग’ मधला पहिला. पुढे कळलं की स्नफ१ चं काम सुक्रोजपुरतं नाही. ग्लुकोज घटल्याची दवंडी पिटणारं ते किनेज (दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम) आहे, आणि आपल्या शरीरातल्या एएमपीके या ऊर्जारक्षकाचं ते भावंड आहे.

ग्लुकोज भरपूर असताना मिग१ हे प्रथिन केंद्रकात बसून सक२ सारखी जनुकं दाबून ठेवतं. ग्लुकोज घटलं की स्नफ१ जागं होतं, मिग१ वर फॉस्फेटचा शिक्का मारतं आणि मिग१ काही मिनिटांत केंद्रकाबाहेर जातं. दडपण उठतं. त्याच वेळी स्नफ१ दुसरं दारही उघडतं. कॅट८ हा चालक, ज्याच्यामुळे अल्कोहोलपासून साखर बांधण्याची जनुकं चालू होतात, त्याच्या जनुकावर मिग१ चं कुलूप असतं आणि तयार झालेल्या कॅट८ प्रथिनालाही स्नफ१ चा शिक्का लागतो. एकाच हाताने दोन कुलपं. ग्लुकोज क्षणभर कमी-जास्त झालं म्हणून पेशी घाईने कारभार बदलत नाही, त्यामागे अशी रचना असावी असा तर्क आहे.

याशिवाय श्वसनासाठी हॅप४, अल्कोहोलसाठी एडीआर१, ग्लुकोजचे दरवाजे सांभाळणारं आरजीटी१, आणि उपासमार-उष्णता-सगळ्या संकटांत धावणारी एमएसएन२ आणि एमएसएन४ ही जोडी. या जोडीने आमचा कसा पोपट केला ते खाली येईलच.

बाण काढले, गोल काढले, रंग भरले. झालं ना मॉडेल?

नाही. ते गावाचा नकाशा झाला. एसटी किती वाजता सुटते ते त्यात नाही. मिग१ कडून सक२ कडे काढलेला आडव्या टोकाचा बाण ‘दाबतो’ एवढंच सांगतो. किती दाबतो, ग्लुकोज कितीवर आल्यावर सोडतो, सोडल्यावर किती मिनिटांनी इन्व्हर्टेज दिसतं, हे आकड्यांनी किंवा निदान नियमांनी सांगितलं की मगच त्याला मॉडेल म्हणायचं. प्रत्येक बाणाला ‘कधी’ आणि ‘कुठल्या परिस्थितीत’ हे दोन प्रश्न विचारा. ज्या बाणाला उत्तर देता येत नाही तो तुटक रेषेने काढा. प्रोजेक्टमध्ये तुटक रेषा दिसल्या की मला बरं वाटतं.

गणित कच्चं आहे. तरी करता येईल?

येईल. बूलियन जाळ्यापासून सुरुवात करा, वही-पेन पुरतं. जनुकांच्या जाळ्यांसाठी ही कल्पना स्टुअर्ट कॉफमन यांनी १९६९ साली मांडली: प्रत्येक घटक एकतर चालू (१) किंवा बंद (०).

क्रमाने चार घटक घ्या: ग्लुकोज, स्नफ१, मिग१, सक२. नियम तीन. ग्लुकोज नसेल तर स्नफ१ चालू. स्नफ१ चालू असेल तर मिग१ बंद. मिग१ बंद असेल तर सक२ चालू. साखर भरपूर असतानाची स्थिती १, ०, १, ०. आता ग्लुकोज काढून घ्या आणि एकेक पाऊल चाला:

०, ०, १, ०
०, १, १, ०
०, १, ०, ०
०, १, ०, १

इथे थांबलं. हीच स्थिर अवस्था, आणि जीवशास्त्राशी ती जुळते.

आता माध्यमात उसाचा रस आहे असं समजा. इन्व्हर्टेज आलं की सुक्रोज तुटून ग्लुकोज सुटणार. म्हणजे चौथा नियम: सक२ चालू असेल तर पुढच्या पावलाला ग्लुकोज चालू. पुन्हा चालून बघा. शेवटच्या ओळीनंतर १, १, ०, १ येतं, मग १, ०, ०, १, मग १, ०, १, १, मग १, ०, १, ०, आणि पुन्हा पहिल्या ०, ०, १, ० वर. आठ पावलांचं चक्र, कधीच न थांबणारं. दिवाळीच्या माळेसारखं लुकलुकत राहतं.

खऱ्या फ्लास्कमध्ये यीस्ट असं लुकलुकत नाही. का नाही, यावर माझ्या वर्गात दर वर्षी एक तास जातो आणि तो वाया गेला असं मला कधी वाटलेलं नाही. एकदा बाहेर गेलेलं इन्व्हर्टेज मिग१ परतलं म्हणून नाहीसं होत नाही. दुसरं म्हणजे ग्लुकोज ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्या मधे बराच वेळ ‘थोडं आहे’ असं असतं, आणि सक२ ला नेमकं तेच आवडतं: ग्लुकोज अगदी शून्य असण्यापेक्षा ०.१ टक्क्याच्या आसपास असताना ते जास्त जोरात चालतं. शून्य-एकच्या भाषेत ‘थोडं’ या शब्दाला जागा नाही.

बूलियन पद्धत म्हणून टाकाऊ ठरत नाही. यीस्टच्या पेशीचक्राचं ११ घटकांचं बूलियन मॉडेल २००४ साली आलं. त्याच्या २,०४८ संभाव्य स्थितींपैकी १,७६४ स्थिती फिरून-फिरून एकाच विश्रांतीच्या अवस्थेला येऊन मिळाल्या. एकाही दर-स्थिरांकाशिवाय एवढं हाती लागलं.

मग ‘थोडं’ कसं लिहायचं?

विकलन समीकरणांनी (कोणती गोष्ट किती वेगाने बदलते ते सांगणाऱ्या) आणि हिल फलनाने. घाबरू नका, कॅल्क्युलेटर घ्या. जनुक किती उघडं आहे याचं माप असं: एकाला भागा (१ अधिक ‘ग्लुकोज भागिले उंबरठा’ याचा न-वा घात) ने. उंबरठा २ ग्रॅम प्रति लिटर धरू. हा आकडा फक्त उदाहरणासाठी.

न = १ असेल तर: ग्लुकोज ४ ग्रॅमवर जनुक ३३ टक्के उघडं, १ ग्रॅमवर ६७ टक्के. न = ४ केलं तर: ४ ग्रॅमवर जेमतेम ६ टक्के, १ ग्रॅमवर ९४ टक्के. साखर तेवढीच घटली, पण पहिल्या पेशीने दार हळूहळू लोटलं आणि दुसरीने लाथेने उघडलं. हा ‘न’ म्हणजे पेशीचा स्वभाव. १९१० साली आर्चिबाल्ड हिल यांनी हे समीकरण हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनसाठी लिहिलं होतं, आज आम्ही ते यीस्टला लावतो.

काळाचं भान मात्र ठेवा. मिग१ चं केंद्रकाबाहेर जाणं मिनिटांत होतं. नवं एमआरएनए (जनुकाची कामचलाऊ नक्कल), त्यापासून प्रथिन, त्या प्रथिनाचा साठा, याला दहा-वीस मिनिटांपासून तासांपर्यंत लागतं. दोन्ही एकाच घड्याळावर बसवलं की आलेख देखणा येतो आणि चुकीचा असतो.

हे उंबरठे, हे दर, आणायचे कुठून?

काही प्रकाशित मोजमापांतून, काही बायोमॉडेल्स या मुक्त संग्रहातल्या तयार मॉडेलांमधून, बाकीचे तुमच्या डेटावर बसवून. बसवताना एक गोष्ट: सात बिंदूंवर बारा अज्ञात बसवले तर काहीही बसतं. बसलं म्हणून नाचू नका.

आरएनए-सेकचा (आरएनए मोजून कोणतं जनुक किती चालू ते सांगणाऱ्या पद्धतीचा) डेटा फुकट मिळतो. त्यावरून कॉम्प्युटरच जाळं काढून देईल की!

हा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि विचारताना चेहऱ्यावर ‘मॅडमना हे माहीत नसावं’ असा भाव असतो.

साधा हिशेब करा. यीस्टमध्ये जनुकं चालू-बंद करणारी नियामक प्रथिनं साधारण २००. जनुकं ६,०००. संभाव्य बाण १२ लाख. १९९७ च्या त्या प्रयोगात ६,००० जनुकांचे ७ वेळांचे आकडे, म्हणजे ४२ हजार. बारा लाख प्रश्न, बेचाळीस हजार उत्तरं, त्यातली निम्मी एकमेकांची नक्कल, कारण शेकडो जनुकं एकत्रच वर-खाली होतात.

आकडे वाढवले तरी एक अडचण उरते. मिग१ कधी काम करतं हे त्याच्या एमआरएनएवरून कळतच नाही. ते कुठे बसलंय आणि त्यावर शिक्का आहे की नाही यावरून कळतं. शिपाई हजेरीपटावर रोज असतो, पण तो दारावर उभा आहे की टपरीवर, हे हजेरीपट सांगत नाही. ड्रीम५ या स्पर्धेत तीसहून अधिक पद्धती एकाच डेटावर लावून पाहिल्या होत्या, निकाल २०१२ साली आले. कृत्रिम डेटावर आणि ई. कोलाय जिवाणूवर बऱ्यापैकी जमलेल्या पद्धती यीस्टवर ढेपाळल्या. अशा स्वयंचलित जाळ्याकडे संशयितांची यादी म्हणून बघा, आरोपपत्र म्हणून नको.

संशय पक्का करायला दुसरे पुरावे आहेत. नियामक डीएनएवर प्रत्यक्ष कुठे चिकटतात याची मोजणी २००२ साली १०६ नियामकांसाठी झाली, २००४ साली २०३ साठी. आणि यीस्टचं एकेक जनुक काढून टाकलेले सुमारे ५,००० प्रकार तयार मिळतात. मिग१ काढून टाका, ग्लुकोज असतानाच सक२ उघडतंय का बघा. बाण खरा की खोटा ते तिथे कळतं.

आमचा शिफ्ट अपेक्षेपेक्षा फार लवकर दिसला. नवीन शोध लागला का?

दोन उन्हाळ्यांपूर्वी माझ्याकडच्या तिघांना हेच वाटलं होतं. आरएनए मोजायची सोय नव्हती, म्हणून ते दर तासाला डीएनएसए आणि अँथ्रोन या रंग देणाऱ्या रसायनांनी अनुक्रमे उरलेली साखर आणि पेशीतलं ट्रेहॅलोज मोजत होते. ट्रेहॅलोज ही यीस्टची अडीअडचणीची पुंजी. ग्लुकोज संपत आलं की ती वाढते. सहाव्या तासाला ट्रेहॅलोज झपकन वर गेलं. साखर तर अजून निम्म्याहून जास्त शिल्लक!

मॉडेलमध्ये एमएसएन२ ग्लुकोजवर अवलंबून होतं. पोरांनी उंबरठा १ ग्रॅम प्रति लिटर धरला होता. तो १२ केला, आणि रेषा बिंदूंमधून अशी गेली की मीही “वा” म्हणाले. मॉडेलने हूं की चूं केलं नाही.

नंतर प्रयोगशाळेच्या वहीत मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं: ‘१.१० ते २.३० लाइट नव्हती.’ मे महिना, खोलीत ४१ अंश. शेकर बंद पडला, आतलं तापमान खोलीइतकं चढलं, हलणं थांबलं म्हणून हवाही कमी झाली. एमएसएन२ आणि एमएसएन४ उष्णतेलाही धावतात आणि भुकेलाही, आणि दोन्ही वेळा ट्रेहॅलोज वाढवतात. यीस्टला उकडत होतं. आम्ही त्याला भूक समजलो. महावितरणची ऐंशी मिनिटांची अनुपस्थिती एका स्थिरांकाने गिळून टाकली होती.

तेव्हापासून माझा नियम आहे. ज्या घटकाला दोन ठिकाणांहून निरोप येतात त्याच्या समीकरणात दोन्ही निरोप लिहा, तुम्ही एकच मोजत असलात तरी. आणि तापमानाचा रकाना डेटाच्या तक्त्यात हवा, वहीच्या मागच्या पानावर नको.

नमुना काढल्यावर सेंट्रिफ्यूज केला तर चालेल ना?

ओडीसाठी, ट्रेहॅलोजसाठी चालेल. स्नफ१ चा शिक्का किंवा आरएनए मोजायचा असेल तर नाही. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवण्यानेच स्नफ१ जागं होतं हे दाखवलं गेलंय. भूक तुम्ही तयार केलेली असते. पेशी झटकन गाळून द्रव नायट्रोजनमध्ये टाका. “लातूरला द्रव नायट्रोजन कुठून आणू?” जिथे गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवतात तिथे तो असतोच. पशुवैद्यकीय दवाखान्यात नीट ओळख काढा, रिकामा कंटेनर आपला न्या, आणि हातमोजे विसरू नका.

मी डिस्टिलरीत आहे. तुमच्या या जाळ्याचा मला काय उपयोग?

आधी शब्दाचा घोळ मिटवू. शेतकरी ‘मळी’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याला शेतात टाकायचं प्रेसमड म्हणायचं असतं. तुमची मळी म्हणजे मोलॅसिस. तिच्यात सुक्रोज आहेच, शिवाय आधीच सुटलेलं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही आहे.

तुम्हाला शिफ्ट नकोच आहे. तुम्हाला १८० ग्रॅम ग्लुकोजमागे जास्तीत जास्त ९२ ग्रॅम अल्कोहोल हवं, बाकी ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन उडणारच. वॉशमधली (आंबणाऱ्या द्रावातली) साखर संपल्यावर हवा मिळाली तर यीस्ट अल्कोहोल खायला लागेल, म्हणून टाकी वेळेत रिकामी करणं हे तुम्ही जाळं न शिकताच जाणता. खरा उपयोग उलट्या धंद्यात आहे. बेकरीसाठी यीस्ट बनवणाऱ्यांना पेशी हव्यात, अल्कोहोल नको. ते तीच मळी हवेसकट थेंब-थेंब सोडतात, ग्लुकोज कधीच एवढं साचू देत नाहीत की क्रॅबट्री परिणाम सुरू व्हावा. संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत बिअर बनते, तिथे प्रश्न तिसराच: धान्याच्या रसात मुख्य साखर माल्टोज, आणि ग्लुकोज आहे तोवर माल्टोजची जनुकं दाबलेली राहतात. किती वेळ थांबावं लागेल हा तिथे पैशाचा प्रश्न आहे, आणि तो याच जाळ्याचा आहे.

फ्लक्स बॅलन्स अ‍ॅनालिसिस आणि हे एकच का?

नाही. ते रस्त्यांचा हिशेब ठेवतं (कुठल्या अभिक्रियेतून किती माल जातो), हे सिग्नलांचा (कोण चालू, कोण बंद). यीस्टच्या पूर्ण चयापचयाचं पहिलं मोठं मॉडेल २००३ साली ७०८ जनुकांचं आलं. अशा मॉडेलला फक्त “जास्तीत जास्त वाढ कर” सांगून भरपूर ऑक्सिजन दिला तर ते सरळ श्वसन निवडतं, अल्कोहोल बनवतच नाही. खरं यीस्ट तसं वागत नाही. ऑक्सिजनला किंवा प्रथिनांच्या खर्चाला मर्यादा घातली की मगच अल्कोहोल दिसतं. दोन्ही जोडता येतात, पण एमएस्सीच्या चार महिन्यांत नको.

सगळ्या पेशी एकदम बदलतात का?

नाही, आणि ओडीचा आलेख हे लपवतो. ओट्यावर काही पेशी लवकर जाग्या होतात, काही मागे राहतात. ग्लुकोजवरून गॅलॅक्टोजवर नेलं तर एकाच फ्लास्कमध्ये जागे आणि झोपलेले असे दोन गट दिसू शकतात. ज्यांच्या आधीच्या पिढीने गॅलॅक्टोज खाल्लेलं असतं त्या पेशी लवकर उठतात, कारण आईकडून प्रथिनांचा थोडा साठा मुलीला मिळालेला असतो. म्हणून प्रयोगाआधीची रात्र यीस्टने कशावर काढली ते लिहून ठेवा. हे मॉडेलमध्ये आणायचं तर यादृच्छिक (योगायोगही धरणारी) पद्धत लागते. गिलेस्पी यांची १९७७ ची रीत त्यासाठी अजून चालते.

किती मोठं जाळं घेऊ?

पाच घटक. सहावा घ्यावासा वाटला तर आधी माझ्याकडे या.

सॉफ्टवेअर?

समीकरणांसाठी कोपासी. ते फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. बूलियनसाठी आर मधलं बूलनेट. पायथन येत असेल तर उत्तमच. जनुकाबद्दल काहीही शंका आली की आधी एसजीडी उघडा. हे १९९६ साली पूर्ण वाचल्या गेलेल्या यीस्टच्या जीनोमचं चालतं-बोलतं दफ्तर आहे. कोण कोणाचं नियमन करतं ते यीस्ट्रॅक्टमध्ये मिळेल.

यीस्टचा स्ट्रेन कुठून आणू? किराणा दुकानातलं पाकीट चालेल?

बूलियनच्या आकड्यांना चालेल, प्रयोगाला नाही. पाकिटातला स्ट्रेन पाव फुगवण्यासाठी निवडलेला असतो आणि त्याची वंशावळ तुमच्या हातात नसते. तुम्ही वाचलेले बहुतेक आकडे मात्र प्रयोगशाळेतल्या ठरावीक स्ट्रेनचे असतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम संग्रह किंवा चंदीगडचा एमटीसीसी, यांना विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र लिहा. अर्ज डिसेंबरात करा. स्ट्रेन आला की त्याच दिवशी दोन स्लँट (तिरप्या आगरच्या नळ्या) करून फ्रीजमध्ये ठेवा, एक माझ्या कपाटाशेजारच्या फ्रीजमध्ये, एक दुसऱ्या इमारतीतल्या. त्या दुसऱ्या इमारतीला इन्व्हर्टर आहे.